खानमबाईंची हिरवी ताटली

आमच्या घरात बिनदुधाचा चहा पितात म्हटल्यावर नवा पाहुणा आधी आमच्या परिस्थितीची चौकशी करतो, मग तब्येतीची. दूध आहे, साखर आहे, फ्रिजात सायीचं भांडं आहे, असं सांगूनही त्याचा विश्वास बसत नाही. माझ्या सुनेला तर लग्नानंतर बरेच दिवस वाटत होतं, की सासूबाई आपली परीक्षा घेतायत. आता तीही तसाच पिते, खडीसाखरेचा खडा दाताखाली धरून, आणि मैत्रिणींना ऐटीत सांगते, "आमच्यात असाच असतो." हे 'आमच्यात' कुठून आलं, आणि फाल्गुनात आमच्या खिडकीत गव्हाची हिरवी ताटली दिसते ती कुणाची, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डॉक्टरांनी वाचणं-लिहिणं कमी करायला सांगितलंय. पण डॉक्टर माझेच विद्यार्थी. इंग्रजीत काठावर पास झालेले. त्यांचं किती ऐकायचं ते मी ठरवते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नळदुर्गच्या बाहेर हमरस्त्याला लागून असलेल्या डाकबंगल्याचे खानसामा होते. निजाम गेला तरी हा शब्द आमच्याकडून गेला नाही. बंगल्याच्या मागं दोन खोल्या, त्यात आम्ही. पुढं सोलापूरहून हैदराबादेला जाणारे ट्रक, मागं उतार, आणि उतारापलीकडं किल्ल्याची काळी भिंत. ट्रक चढाला लागला की गिअर बदलायचा आणि आमच्या फळीवरची जर्मनची ताटं बारीक थरथरायची. त्या आवाजावर मी पाठांतर केलं, त्या आवाजावर झोपले. पुढं नोकरीनिमित्त धाराशिवला आले तेव्हा शांततेमुळं कित्येक रात्री मला झोप आली नव्हती. माझी माय बंगल्याची झाडलोट करायची, चादरी धुवायची आणि दादांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. तिचं म्हणणं, "तुमचे दादा भाजीत मसाला घालत न्हाईत, साहेबाच्या तोंडाला कुलूप घालतेत."

आमचं घर बुद्धाचं. माझा जन्म धर्मांतराच्या पाठोपाठचा, त्यामुळं आमच्या घरातला देव्हारा, नवरात्रातला घट, हे मी कधी पाहिलंच नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला रोज पुसणं हे माझं काम. तुळजापूर तिथून एका दिवसाच्या चालीवर. आश्विनात रस्त्यानं माणसांची रीघ लागायची, संबळाचा आवाज उतारावरून वर यायचा, आणि माय त्या दिवसांत उगीचच जास्त चादरी धुवायची. तिला मी एकदा विचारलं, घट कसा असतो. ती म्हणाली, "ज्या गावाला जायचं न्हाय, त्या गावची वाट कशाला इचारायची?" विषय संपला.

ती वर्षं दुष्काळाची. बोरी नदीचं पात्र इतकं वाळलं होतं, की किल्ल्यातल्या बंधाऱ्याखाली पोरं विटीदांडू खेळायची. निम्मं गाव खडी फोडायला जायचं. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी दाताला चिकटायची आणि पोटात दिवसभर बसून राहायची. पण खरं सांगू? मला त्या वर्षांतलं पहिल्यांदा आठवतं ते दुपारचं ऊन. बंगल्याच्या व्हरांड्यात वाळ्याचे कोरडे पडदे, त्यांतून गाळून आलेला तांबूस उजेड, आणि त्या उजेडात जमिनीवर पाय दुमडून बसलेल्या खानमबाई.

सरकारनं पाणी शोधायला एक रशियन यंत्र आणलं होतं. यंत्राबरोबर रुस्तमसाहेब नावाचे इंजिनियर आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको, म्हणजे ह्याच खानमबाई. साहेब पहाटे जे जीपनं निघायचे ते धुळीचा पुतळा होऊन संध्याकाळी परत. बाई दिवसभर कोपऱ्यातल्या खोलीत. ठेंगणी, जाड भुवयांची, केसांत पांढऱ्याची एक रुंद बट. गावानं त्यांना 'रशियन मॅडम' नाव पाडलं. त्या प्रत्येक वेळी बोट हलवून सांगायच्या, "रशियन नक्को. अझरबैजान." ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, आणि मॅडम रशियनच राहिल्या. आधी गुजरातेत तेलाच्या विहिरींवर राहिल्यामुळं त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. नळदुर्गात भाजीवाला, टँकरवाला आणि माझी माय या तिघांनी मिळून त्याचं पक्कं दखनी करून टाकलं. मायला त्या 'बाजी' म्हणायच्या. त्यांच्याकडं बहिणीला तसंच म्हणतात, आणि आमच्याकडच्या मुसलमान बायाही म्हणतात, तेव्हा मायला त्यात काही परकं वाटलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी चहा दिला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. घरून शालीत गुंडाळून आणलेले दोन काचेचे पेले, कमरेत बारीक आणि खाली गोल, एखाद्या पेरूसारखे. त्यात लाल पाणी. मायनं आत वाकून पाहिलं. "खानमबाई, दूध?" "दूध नक्को." मायनं एक घोट घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यो चहा न्हाय गं, चहाचं धुवन हाय." मला हसू आवरेना. खानमबाईंना अर्थ कळला नाही पण हसण्यात त्या आमच्याही पुढं. मग त्यांनी साखरेचा खडा दातात धरून कसा प्यायचा ते दाखवलं. दुष्काळात दूध असंही नव्हतंच. महिन्याभरात आमचं अख्खं घर लाल चहावर आलं. दादा तर पुढं दुधाचा महापूर आला तरी सुधारले नाहीत.

त्या दुपारांत मी जितकी फिरले तितकी नंतर पासपोर्ट काढूनही फिरले नाही. खानमबाई सांगायच्या, त्यांच्या गावाजवळ समुद्र आहे, आणि त्या काठच्या एका टेकडीत जमिनीतूनच आपोआप विस्तव जळतो, पावसात, बर्फात, कायम. माय झाडू खाली ठेवून विचारायची, "पाण्याशेजारी इस्तू? मग इझत कसा न्हाय?" खानमबाई खांदे उडवायच्या. त्यांनी भिंतीवर एक लहानसा गालिचा टांगला होता, त्यांच्या आईनं विणलेला. त्यातल्या डाळिंबांवर बोट ठेवून त्या सांगायच्या की ही फुटलेली, ही न फुटलेली. मायनं एकदा त्याच्याशेजारी आपली जुनी वाकळ आणून धरली. दोघी किती तरी वेळ टाक्यांवरून बोटं फिरवत होत्या. बाहेर ट्रक चढ चढत होता. मला वाटायचं, तो समुद्राकडंच निघालाय. मी चौकटीला टेकून अर्धवट झोपेत ऐकायची, आणि त्या झोपेत किल्ल्याच्या भिंतीला खरोखर लाटा लागायच्या. सत्तरीला आले तरी मला समुद्राचं स्वप्न पडतं तेव्हा त्याच्या काठाला नळदुर्गचाच किल्ला असतो.

फाल्गुन लागता लागता दादांनी बातमी आणली. अमेरिकेची एक तुकडी येणार, कॉलेजची मुलं-मुली आणि त्यांना शिकवणारे दोघं. दुष्काळी कामं आणि आमच्या भागातल्या सहकारी सोसायट्या बघायच्या, काही दिवस बंगल्यात राहायचं. खानमबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. त्याच सुमारास त्यांचं नवं वर्ष असायचं, नोवरुझ. थंडी सरते, दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हाचं. त्यासाठी घरोघर ताटलीत गहू उगवायचा, त्याला त्या 'समनी' म्हणायच्या. हिरवागार वीतभर वाढला की लाल फीत बांधून मधोमध ठेवायचा. तो जसा उगवेल तसं वर्ष जाणार.

त्यांनी रेशनचा गहू आणला, निवडला, ओल्या फडक्यावर पसरला, आणि येता-जाता बोटांनी पाणी शिंपडू लागल्या. पाणी म्हणजे त्यांच्या वाट्याच्या घागरीतलं, पिण्याचं. रोज सकाळी फडकं उचलून बघायच्या. गहू फुगला, पांढरा पडला, मग त्याला वास यायला लागला. बहुधा जुना होता. त्या दिवशी त्या ताटली मांडीत घेऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "मेरी माँ इस जाडे में गई. मैं इधर. मिट्टी बी नै दे सकी. हर साल समनी वो उगाती थी. इस साल घर में उगाने कू कोई नै." मग म्हणाल्या, "और ये आनेवाले लोगां बी मेरेकू रशियन बोल के जाएँगे. एक बार तो किसी ने देखना, मैं किस की बेटी है." त्यांच्या त्या मोडक्या वाक्यावर मला हसू आलं नाही. माय दाराशी झाडू घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मायनं उतरंडीतलं तळचं गाडगं काढलं. त्यात राखेत कालवून ठेवलेला गहू होता. जळकोटला काकाचं थोडं रान होतं, तिथलं बियाणं. सगळा दुष्काळ आम्ही मिलो चघळत काढला पण त्या गाडग्याला कुणी हात लावला नव्हता. दादा म्हणाले, "अगं, ते बी हाय."

"ठाव हाय."

"आन् ह्ये घटासारखं हाय. आपुन सोडलंय ते."

मायनं राख फुंकली. "देवी सोडली, घट सोडला. पेरनं काय देवीनं इकत घेतलंय व्हय?"

दादा सभांना जाणारे, शब्दाला शब्द देणारे माणूस. पण या वेळी ते चूल पेटवायला गेले.

ओंजळभर गहू घेऊन माय खानमबाईंच्या खोलीत गेली, आणि मग मी माझ्या मायला एक काम करताना पाहिलं, जे तिनं माझ्या जन्मापासून केलं नव्हतं आणि जे तिच्या हातांना पुरतं ठाऊक होतं. गहू कोमट पाण्यात भिजवणं, फडक्यात बांधून अंधारात ठेवणं, कान लावून बघणं. हो, कान लावून. "मोड फुटताना बोलतंय," ती म्हणाली. दोघींचं एकदाच वाजलं: मायला खाली काळी माती हवी होती, खानमबाईंना नुसतं ओलं फडकं. ताटली खानमबाईंची म्हणून फडकं ठरलं. वर टोपलं झाकलं. पहिला पिवळट कोंब दिसला तेव्हा खानमबाई मायच्या गळ्यात पडल्या आणि माय इतकी लाजली, की तिला पदर कुठं आहे ते सापडेना.

अमेरिकन आले ते होळीच्या जवळपास. उन्हानं लाल झालेली पोरं, पायात चपला, डोक्याला आमच्या बाजारातले पंचे. त्यांच्या मास्तरीणबाईंचं नाव हेलन. करड्या केसांच्या, सरळ उभ्या राहणाऱ्या, प्रत्येक गोष्ट विचारून घेणाऱ्या. मी त्या वर्षी मॅट्रिकला होते. गावात इंग्रजी बोलू धजणारी एकटीच असल्यानं दिवसभर मला ओढून नेत. हेलनबाईंनी खानमबाईंना पाहिलं आणि मला म्हणाल्या, या रशियन बाईंना विचार ना, जायच्या आधी एका संध्याकाळी त्या आमच्या मुलांना रशियाबद्दल काही सांगतील का? मी ते भीत भीत दखनीत सांगितलं. खानमबाईंनी बोट वर केलं, मग खाली घेतलं. "बोल उनको, आती हूँ. उस दिन बोलूँगी मैं कौन."

मग आमची तयारी सुरू झाली. त्या दखनीत सांगायच्या, मी इंग्रजी वाक्यं जुळवून पाठ करायची. हा आमचा सण. हे धान्य. ही फीत. सणाआधीच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही विस्तवावरून उड्या मारतो आणि म्हणतो, माझं जड ते आगीत जावो. मी म्हटलं, आमच्याकडं मोहरमच्या अलाव्यातल्या विस्तवाभोवती अशीच पोरं नाचतात. मायला हाताशी घेऊन त्यांनी सणाचा गोड पदार्थ केला; खानमबाईंनी चंद्रकोरीसारखा आकार देऊन कडेला चिमट्यानं नक्षी काढली, तर माय म्हणाली, "आगं बया, ही तर करंजी!" आत शेंगदाण्याचा कूट आणि साखर, कारण नळदुर्गात त्या वर्षी बदाम कुठले? आणि खिडकीत ताटली वीतभर वाढली होती. सगळ्या पंचक्रोशीत तेवढी एक गोष्ट हिरवी होती. टँकरवाला, पोस्टमन, शाळेतली पोरं खिडकीपाशी येऊन नुसतं बघून जायची. मीही बघत बसायची. त्या हिरव्याकडं पाहून डोळे मिटले, की मिटल्या डोळ्यांतही ते थोडा वेळ राहायचं.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात ग्यासबत्ती टांगली. गालिचा भिंतीवरून काढून स्टुलावर अंथरला, त्यावर लाल फीत बांधलेली समनी. समोर सतरंजीवर अमेरिकन, आणि एका खुर्चीवर सोसायटीचे चेअरमन, शिवलिंगअण्णा, अमेरिकनांना निरोप द्यायला आलेले. पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरात कानडी बोलणारे भारदस्त गृहस्थ. खानमबाई कपडे बदलायला आत गेल्या. त्यांच्या रेशमी झग्याला पाठीवर बारीक बटणं होती, ती लावायला मला बोलावलं. जाताना त्या मायला म्हणाल्या, "बाजी, मेहमानों को तुम देखो."

पुढचं मी पाहिलं नाही. दादांनी ते नंतर इतक्या वेळा सांगितलं, की आता मला पाहिल्यासारखंच वाटतं. पाहुणे बसलेले. उगवण तयार. आणि मायच्या लहानपणी, घट उठायच्या दिवशी, उगवण खुडून माणसांच्या कानावर, टोपीत, फेट्यात खोवत. आल्या-गेल्याला लावायची ती, नाहीतर पेरली कशाला? मात्र त्यांच्या वस्तीतलं ते रोप वस्तीतच लागायचं. गावातलं कुणी त्यांच्या हातचं घ्यायचं नाही. पोरपणी एकदा तिनं हौसेनं गावातल्या एका कर्त्या माणसापुढं रोप धरलं होतं, त्यानं मागं सरून काठी आडवी केली होती. हे सगळं तिच्या मनात आलं का, मी तिला कधी विचारलं नाही. तिनं स्टुलापाशी जाऊन मूठभर समनी खुडली आणि पहिल्या पोरीच्या कानावर खोवली.

पोरगी हरखली. पुढच्यानं आपण होऊन डोकं वाकवलं. एक लांबसडक पोरगा तर गुडघ्यावर बसला, तिचा हात पोचावा म्हणून. हेलनबाईंनी केस मागं सारून कान पुढं केला. माय खुडत होती, लावत होती, आणि दादा म्हणायचे, तिचा चेहरा त्यांनी लग्नातही तसा पाहिला नव्हता. ओळ संपली आणि ती अण्णांच्या खुर्चीपुढं येऊन थांबली. रोप धरलेला हात अर्धवट वर. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, अमेरिकनांकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तिच्यापुढं धरली. "लावा," म्हणाले. दादांनी ते 'लावा' पुढं आयुष्यभर जपलं; "लाव न्हाय म्हणाले, लावा म्हणाले," असं प्रत्येक वेळी बजावून सांगायचे.

आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि स्टुलावर ताटलीत कातरलेल्या मेंढीसारखे खुंट उरले होते. लाल फीत त्याच्याभोवती तशीच.

खानमबाई जागच्या जागी थांबल्या. माझ्या हातात त्यांचा हात होता, तो त्यांनी सोडवून घेतला. टाळ्या एकेक करत थांबल्या. मायनं माझ्याकडं पाहिलं. "काय झालं गं शकू? चुकलं व्हय माझं?" मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "खुडायचं नसतंय गं माय. सण सरंस्तवर तसंच ठेवायचं असतंय. मग वाहत्या पाण्यात सोडायचं."  तिच्या हातात शेवटची दोन-चार पाती उरली होती. ती तिनं ताटलीत उभी करायचा प्रयत्न केला. ती आडवी पडली. तिनं पुन्हा उभी केली. मला ते बघवेना. अमेरिकनांना काही कळत नव्हतं. दोघातिघांनी घाबरून कानावरचं रोप काढून हातात घेतलं. हेलनबाईंनी विचारलं, आमच्याकडून काही चुकलं का? माझी पाठ केलेली सगळी इंग्रजी वाक्यं त्या क्षणी कुठं गेली कुणास ठाऊक. 

खानमबाई जमिनीवर बसल्या, रेशमी झग्यासकट. किती तरी वेळ खुंटांवरून तळवा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "शकू, बोल इनको. वो पाठ किया हुआ नक्को. ये बोल." आणि त्या सांगत गेल्या, मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले, शाळकरी, आखूड, चुकलेलंही असेल. त्या लहान होत्या, अझरबैजानात, तेव्हा मोठी लढाई लागली. वडील गेले ते आले नाहीत. घरात खायला नव्हतं. नोवरुझ आला तेव्हा आईनं लपवलेला मूठभर गहू काढला. पोरं रडली, शिजवून दे म्हणाली. आईनं शिजवला नाही, ताटलीत उगवला. शेजारणी तिला वेडी म्हणाल्या. "माँ बोली, खाएँगे तो आज का दिन जाएगा. उगाएँगे तो साल आएगा." त्यांनी मायकडं पाहिलं. "इस साल मेरी माँ नै. इस बाजी ने अपना बीज निकाला. इनके बी घर में खाने कू नै, मैं देखी." हे सांगताना मी अडखळले, कारण आमच्या घरातलं गाडगं मी इंग्रजीत सांगत होते. मग खानमबाई गुडघ्यांवर सरकत मायपुढं आल्या आणि त्यांनी ते पांढऱ्या बटेचं डोकं खाली वाकवलं. "अब मेरेकू लगा, बाजी."

 उरलेली ती पाती मायनं त्यांच्या केसांत खोवली.  हेलनबाईंनी हातातलं रोप परत कानावर ठेवलं, आणि शब्द जपून उचलावा तसा म्हणाल्या, "अझरबैजान." मुलांनी तो त्यांच्यामागून म्हटला. खानमबाईंनी बोट हलवलं नाही.

मग त्यांनी काय काय विचारलं! तो समुद्र, तो विस्तव, ते फुटलेलं डाळिंब, सगळं त्या व्हरांड्यात आलं. अंगणात दादांनी तुराट्या पेटवल्या, मुलांनी त्यावरून उड्या मारल्या, आणि अण्णा धोतर सावरत लांबून ओरडत होते, "अरे, जपून, जपून!" करंज्या संपल्या. बिनदुधाचा चहा अमेरिकनांनाही धुवनच वाटला असावा, पण मायसारखं तोंडावर सांगायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. सकाळी त्यांना न्यायला जीप आली. तिच्यातला अधिकारी खानमबाईंकडं बघून म्हणाला, या रशियन मॅडम का? त्या लांबसडक पोरानं, कानावर सुकलेलं पातं तसंच, मान हलवली. नाही, म्हणाला, या अझरबैजानच्या. एवढं ऐकून खानमबाई वळल्या आणि खोलीत गेल्या. त्या आत रडत होत्या की हसत, हे मला बाहेरून कळलं नाही.

खुंटांना आठवड्याभरात पुन्हा फूट आली. ती बघायला अमेरिकन नव्हते, आम्हीच होतो. वाहतं पाणी मात्र कुठंच नव्हतं, म्हणून ताटली वाळू दिली आणि फडक्यासकट गुंडाळून ठेवली. पावसाळ्याच्या तोंडाशी यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, त्याच्याबरोबर खानमबाईही. जाताना एक पेला मायला दिला, एक स्वतः ठेवला. बोरीला पाणी आलं तेव्हा माय एकटीच जाऊन ते फडकं सोडून आली.

त्या वर्षापासून दर फाल्गुनात मायनं एक ताटली पेरली. नळदुर्गात, आणि नंतर माझ्या धाराशिवच्या घरात. लोक विचारायचे, तुम्ही तर घट बसवत नाही, मग हे? ती म्हणायची, "आमच्या बहिणीचं हाय." पण त्या ताटलीतलं पातं तिनं पुन्हा कधी खुडलं नाही. माझी मुलं लहानपणी हात लावायला गेली तर फटका मिळायचा. सण सरला की ती एसटीनं तेरला जायची, तेरणेच्या पाण्यात ते सोडायची आणि परत यायची.

शेवटच्या फाल्गुनात ती अंथरुणाला खिळलेली होती. पेरलं मी, पण मोडाला कान तिनं लावला. ताटली तिच्या उशाशी नेऊन धरावी लागली. वीतभर वाढल्यावर मी लाल फीत बांधली आणि खिडकीत ठेवली. ती बराच वेळ त्याकडं बघत होती. ग्लानीत असेल असं मला वाटलं.

"शकू," ती म्हणाली, "त्या दिशी मी समद्यांना लावलं नव्हं?"

"व्हय गं माय. अण्णांना बी."

"मला लावायचं ऱ्हायलं बघ. उरलंच न्हाय."

मी खिडकीपाशी गेले. हात पुढं केला आणि थांबला, इतक्या वर्षांची तिनंच लावलेली सवय.

"खूड," माय म्हणाली. "खानमबाई काय म्हणत न्हाय."

मी एक पातं खुडलं आणि तिच्या कानावर खोवलं.